वाचकांचे प्रश्न : रिअ‍ॅलिटी शोच्या तारका गाऊ लागतात तेव्हा

गेल्या अंकातील एका उत्तरात, अमेरिकेतील रिअ‍ॅलिटी शोमधून नावारूपाला आलेल्या काही तारकांनी पॉप गायिका होण्याचा प्रयत्न केला, असा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : हायडी माँटॅग हिचा अल्बम 2010 मध्ये सपशेल पडला आणि 2025 मध्ये तोच अल्बम विक्रीच्या यादीत पहिला आला, असे वाचले. गाणी तीच, आवाज तोच, मग मधल्या पंधरा वर्षांत नेमके काय बदलले?

उत्तर : आधी तो कशामुळे पडला, हे पाहू. ‘द हिल्स’ ही मालिका एमटीव्ही वाहिनीवर 2006 ते 2010 या काळात चालली आणि तिच्यात हायडीच्या वाट्याला आलेली भूमिका (रिअ‍ॅलिटी शोला ‘भूमिका’ हा शब्द लावू नये, पण दुसरा सुचत नाही) हळूहळू खलनायिकेची होत गेली. मालिकेची नायिका लॉरेन कॉनरॅड हिची ती जिवलग मैत्रीण. पण स्पेन्सर प्रॅट हायडीच्या आयुष्यात प्रियकर म्हणून आला, दोघी मैत्रिणींचे बिनसले, आणि प्रेक्षक या जोडप्यावर दात-ओठ खात दर आठवड्याला मालिका पाहू लागले. चडफडत पाहणारा प्रेक्षक वाहिनीला चालतो, कारण त्याने वाहिनी बदलली नाही एवढेच तेथे मोजले जाते. चडफडत पैसे मोजून अल्बम घेणारा माणूस मात्र अजून जन्माला यायचा आहे. हायडीची प्रसिद्धी खोटी नव्हती, फक्त ती गाण्याच्या दुकानात न चालणाऱ्या नाण्यात होती.

त्यात प्रत्येक पावलाला विघ्न आले. 2008 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर स्पेन्सरने स्वतः चित्रित केलेल्या तिच्या एका गाण्याच्या चित्रफितीची इतकी टर उडवली गेली की गाणे कसे होते, हे सांगायला कोणी थांबलेच नाही. ऑगस्ट 2009 मध्ये बहामा बेटांवर झालेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेच्या मंचावर तिने गाणे सादर केले आणि ते समीक्षकांनी फाडून खाल्ले. ‘सुपरफिशियल’ हा अल्बम जानेवारी 2010 मध्ये आला, तो नेमका त्याच आठवड्यात जेव्हा ‘पीपल’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिने एकाच दिवशी करून घेतलेल्या दहा सौंदर्यशस्त्रक्रियांची हकिगत झळकली. मुलाखती भरपूर झाल्या, पण प्रश्न नाकाचे आणि हनुवटीचे होते, गाण्याचे नव्हते. पहिल्या आठवड्यात अल्बमच्या हजारही प्रती खपल्या नाहीत. या अल्बमवर आपण पदरचे सुमारे 20 लाख डॉलर घातले, असे तिने स्वतः सांगितले आहे. म्हणजे त्या आठवड्यापुरता हिशेब केला, तर खपलेल्या प्रत्येक प्रतीमागे 2000 डॉलरहून अधिक खर्च झाला.

आता 2025. जानेवारीच्या 7 तारखेला लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात वणवा पेटला आणि त्यात या जोडप्याचे घर जळून गेले. स्पेन्सरने टिकटॉकवरून लोकांना विनंती केली की मदत करायचीच असेल, तर हायडीची गाणी ऐका आणि विकत घ्या. ‘सुपरफिशियल’ आयट्यून्स या गाणी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या अमेरिकेतील यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि ‘बिलबोर्ड 200’ या अमेरिकेतील अल्बमांच्या मुख्य यादीत, पंधरा वर्षांत प्रथमच प्रवेश करत, 54 व्या क्रमांकावर पोहोचला. या दोन आकड्यांमधील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. आयट्यून्सची यादी ताज्या खरेदीवर तासागणिक हलते, आणि बहुतेक लोक आता अल्बम विकत न घेता स्ट्रीमिंगवर ऐकत असल्यामुळे थोड्या खरेदीदारांनी एकदम गर्दी केली तरी ती यादी ढवळून निघते. बिलबोर्डची यादी आठवडाभराची असते आणि तिच्यात डिसेंबर 2014 पासून विक्रीबरोबर स्ट्रीमिंगही धरले जाते. तेथे वर चढायला लोकांना आठवडाभर गाणी विकत घ्यावी किंवा पुन्हा पुन्हा ऐकावी लागतात.

बदलले काय, तर लोकांचे तिच्याशी असलेले नाते. 2010 मध्ये तिची कीव येत नव्हती, 2025 मध्ये आली. दयेपोटी अल्बम उघडणाऱ्यांपैकी काहींना, बहुधा स्वतःच्याही नकळत, ती नाचायला लावणारी गाणी आवडली. ती धंद्यात मुरलेल्या गीतकार-निर्मात्यांनी बांधलेली होती आणि त्या काळच्या डान्स-पॉपच्या मानाने बेतास बात मुळीच नव्हती. माझे मत विचाराल, तर त्यांतली दोन-तीन गाणी 2010 मध्ये दुसऱ्या एखाद्या गायिकेच्या नावावर आली असती, तर रेडिओवर नक्की वाजली असती.

प्रश्न : आता यंत्राने सूर दुरुस्त करता येतो. मग आवाज नसलेल्या माणसालाही गायक करता येईल काय?

उत्तर : ध्वनिमुद्रणापुरते पाहिले, तर बऱ्याच अंशी येईल. सूर दुरुस्त करणारी ‘ऑटो-ट्यून’ ही संगणकप्रणाली 1997 मध्ये बाजारात आली. ती तयार करणारे अँडी हिल्डब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदी तपासण्याचे काम करत. जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचे गणित त्यांनी गळ्यातून निघणाऱ्या लहरींना लावले. पुढच्याच वर्षी गायिका शेर हिच्या एका गाण्यात ही प्रणाली लपवण्याऐवजी मुद्दाम ठसठशीतपणे वापरली गेली आणि तो धातूसारखा आवाज पॉप संगीताचा अलंकारच होऊन बसला.

मात्र यंत्राला जास्त श्रेय देऊ नये. खरी किमया त्याच्याही आधी, स्टुडिओत संकलन करणाऱ्याच्या हाती असते. गायिका एकच ओळ वीस-पंचवीस वेळा गाते; अशा प्रत्येक वेळच्या मुद्रणाला ‘टेक’ म्हणतात. संकलक पडद्यावर त्या सगळ्या टेकच्या पट्ट्या एकाखाली एक मांडतो आणि तिसऱ्या टेकमधला पहिला शब्द, अकराव्यातला दुसरा, सतराव्यातल्या शेवटच्या अक्षराची ओढ असे तुकडे उचलून एक सलग ओळ जोडतो. जोडावर श्वासाचा आवाज तुटला, तर आणखी कोठून तरी श्वास आणून तेथे बसवतो. मग मुखड्यात त्याच आवाजाचे चार-सहा थर चढवतात आणि पाठीमागे पट्टीच्या गायिकांचे आवाज ठेवतात. शेवटी जे ऐकू येते, ते त्या बाईने कधीही सलग गायलेले नसते. हे फसवणुकीचे काम आहे, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण उत्तम गळ्याच्या गायकांसाठीही आज हेच करतात. फरक इतकाच की ते गायक तीच ओळ मंचावर पुन्हा गाऊ शकतात.

मंचावर काय होऊ शकते, याचे उदाहरण अ‍ॅशली सिम्पसन. तिचा पहिला अल्बम कसा तयार झाला, हाच एमटीव्हीवरील तिच्या रिअ‍ॅलिटी शोचा विषय होता, आणि 2004 च्या उन्हाळ्यात तो अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी 23 ऑक्टोबर रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या थेट कार्यक्रमात तिचे पहिले गाणे नीट पार पडले. दुसऱ्या गाण्याला ती उभी राहिली, तेव्हा पहिल्याच गाण्यातला तिचा ध्वनिमुद्रित आवाज सुरू झाला. त्या वेळी तिच्या हातातला माइक कमरेपाशी होता. आवाज चालू आणि ओठ मिटलेले, असे दोन-चार क्षण गेले. वादक गोंधळले, तिने अवघडून उड्या मारल्यासारखा नाच केला आणि ती मंचावरून निघून गेली. आम्लपित्तामुळे आवाज बसला होता, असे तिच्याकडून नंतर सांगण्यात आले. लक्षावधी प्रती खपलेल्या त्या अल्बमआधी आजही लोकांना ते दोन-चार क्षणच आठवतात.

प्रश्न : अशा गाण्यांतून पैसा कोणाला मिळतो? तारकेला, वाहिनीला की गाणे लिहिणाऱ्याला?

उत्तर : गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, हे आधी ध्यानात घ्यावे : एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेत 2006 पासून 2022 पर्यंत विकल्या गेलेल्या प्रत्येक गाण्यामागे गीतकार-संगीतकारांना मिळून 9.1 सेंट इतका दर ठरलेला होता. त्याहून विचित्र गोष्ट रेडिओची. तेथील नेहमीचे रेडिओ केंद्र गाणे वाजवल्याबद्दल गीतकार-संगीतकाराला मानधन देते, गाणाऱ्याला मात्र काहीच देत नाही. त्यामुळे दुसऱ्याने लिहिलेले गाणे फक्त गाणारी तारका रेडिओवर कितीही गाजली, तरी त्यातून तिच्या हाती छदामही येत नाही; तिचे उत्पन्न विक्रीतून, स्ट्रीमिंगमधून आणि मुख्यतः कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांतून यायचे.

हा पेच ‘द रिअल हाउसवाइव्ह्ज ऑफ अटलांटा’ या मालिकेत उघड्यावर आला. किम झोल्सियाक हिला गायिका व्हायचे होते आणि मालिकेत नव्याने आलेली कँडी बरस ही खरीखुरी, ग्रॅमी मिळवलेली गीतलेखिका होती. कँडीने 2009 मध्ये तिला एक नाचाचे गाणे करून दिले, ते बऱ्यापैकी चालले, आणि मग त्याच्या पैशांवरून दोघींत जे वाजले, ते पुढे कोर्टापर्यंत गेले. वाहिनीला मात्र तालीम, रुसवा, समेट आणि पुन्हा भांडण असे सगळेच भाग मिळाले. गाणे पडले असते, तरी वाहिनीचे काही बिघडले नसते.

माझ्या मते सगळ्या अडचणीचे मूळ येथे आहे. दूरचित्रवाणीला बेसूर लागलेला टेक हवा असतो, कारण त्यात नाट्य असते; संगीताच्या धंद्यात तोच टेक पहिल्यांदा पुसून टाकतात. जिची फसलेली तालीम आपण चहा पिताना हसत पाहिली, तिचे पक्के झालेले गाणे ऐकताना ते हसू आपल्या कानात राहतेच. नवोदित गायकाला वाईट गाण्याची जी वर्षे कोणाच्या नजरेत न येता मिळायला हवीत, ती या मंडळींना मिळत नाहीत.

प्रश्न : रिअ‍ॅलिटी शोमुळे गाजलेल्या पॅरिस हिल्टनने गाणे म्हटले, तेव्हा तिचेही हसेच झाले होते ना?

उत्तर : हसे झाले, पण गाणे चालले. तिचे ऑगस्ट 2006 मधील अल्बमचे पहिले गाणे, रेगे या जमैकन संगीताच्या अंगाने जाणारे, बिलबोर्डच्या गाण्यांच्या मुख्य यादीत 18 व्या क्रमांकापर्यंत गेले आणि अल्बम अल्बमांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर दाखल झाला. ब्रिटनमध्ये बँक्सी या निनावी चित्रकाराने त्या सीडीच्या 500 बनावट प्रती, बदललेली मुखपृष्ठे आणि संगीतकार डेंजर माउस याने केलेली वेगळीच ध्वनिफीत घालून, दुकानांच्या फळ्यांवर गुपचूप ठेवल्या होत्या. टिंगल करणाऱ्याने एवढे कष्ट घेणे, हीही एक प्रकारची दखलच म्हणायची. त्यानंतर दुसरा अल्बम येण्यास 2024 साल उजाडले.

प्रश्न : मग कार्डी बी हिला कसे जमले? तीही रिअ‍ॅलिटी शोमधूनच आली.

उत्तर : आली खरी, पण ती तेथे फार थांबली नाही. ‘लव्ह अँड हिप हॉप : न्यूयॉर्क’ या मालिकेत तिने दोनच पर्वे केली, तीही रॅपर होण्याची खटपट करणारी मुलगी म्हणूनच, आणि 2016 च्या अखेरीस संगीतासाठी मालिका सोडत असल्याचे जाहीर केले. तोवर तिची पहिली मिक्सटेप, म्हणजे रीतसर अल्बमआधी काढलेला गाण्यांचा संग्रह, आलेली होती. मालिकेत लोकांनी जी ऐकली ती तिची बोलण्याची ढब, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागाच्या वळणाची, फटकळ, शब्दावर मध्येच जोर देणारी. आणि रॅपमध्ये कामी आली तीही तीच ढब. पॉप गाणे म्हणायला निघालेल्या तारकेला शोमधला आपला आवाज टाकून दुसरा घ्यावा लागतो, कार्डीला तो टाकावा लागला नाही. 2017 च्या शरद ऋतूत ‘बोडॅक यलो’ हे तिचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. कोणत्याही सहगायकाविना त्या स्थानी पोहोचलेली त्याआधीची रॅप गायिका 1998 मधील लॉरिन हिल होती. पुढे 2019 मध्ये सर्वोत्तम रॅप अल्बमचे ग्रॅमीही कार्डीला मिळाले.

तिने सगळे एकटीने केले, असा याचा अर्थ नाही. त्या गाण्यातील शब्दफेक कोडॅक ब्लॅक या रॅपरच्या एका गाण्यावरून घेतलेली आहे. ते तिने लपवले नाही. गाण्याचे नावच त्याच्या नावाचे वळण घेऊन ठेवले आहे आणि श्रेयनामावलीत गीतकारांमध्ये त्याचेही नाव आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या रेडिओ केंद्रावर ते गाणे लागले की गीतकाराच्या मानधनातला एक वाटा आजही कोडॅक ब्लॅककडे जातो, आणि कार्डीला जे मिळते ते गाणारी म्हणून नव्हे, तर लिहिणारी म्हणून.