पहिलंच ब्लँकेट, तेही जाड लोकरीचं : क्रोशाबद्दल वाचकांचे प्रश्न

बाळासाठी जाड लोकरीचं ब्लँकेट पहिल्यांदाच विणायला घेतलेल्यांचे प्रश्न या वेळी बरेच आले. एकमेकांत गुंतलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. सगळ्या उत्तरांत एकच टाका धरला आहे, तो म्हणजे अर्धा खांब. जाड लोकरीत मुका खांब, म्हणजे अर्ध्या खांबाहून बुटका टाका, कडक बसतो, ब्लँकेट पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. पूर्ण खांब अर्ध्याहून उंच, त्याच्या मधल्या फटींत बाळाची बोटं अडकतात. अर्धा खांब दाटही असतो आणि अंगाला मऊही लागतो. पहिल्या ब्लँकेटसाठी याच्याइतका चांगला टाका नाही.

प्रश्न : भाचीच्या बाळासाठी ७५ × ९० सेंटिमीटरचं ब्लँकेट करायचं आहे. लोकर किती लागेल? दुकानदार सहा गुंडे म्हणतात, शेजारच्या काकू बारा. आणि सुई कुठली घ्यायची?

दोघांचा हिशेब बहुधा एकच आहे : १०० ग्रॅमचे सहा काय किंवा ५० ग्रॅमचे बारा काय, लोकर ६०० ग्रॅमच. म्हणून गुंडे मोजू नका, वजन धरा. बऱ्याच लोकरींच्या लेबलवर गुंड्याचं छोटं चित्र आणि त्यात ० ते ७ मधला आकडा असतो. ५ म्हणजे जाड, ६ म्हणजे त्याहून जाड. ५ आकड्याच्या लोकरीला ६.५ ते ९ मिलिमीटरची सुई चालते; तुम्ही ८ मिलिमीटरची घ्या. अमेरिकी पद्धतीच्या पाकिटावर तिला ‘एल’ म्हणतात. रुमाल आणि तोरणं विणायची घरातली स्टीलची बारीक सुई इथे उपयोगाची नाही.

नेमकी किती लोकर लागेल, ते तुमचा हातच सांगेल. एका गुंड्यातून १५ × १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. ब्लँकेटचं क्षेत्रफळ ६७५० चौरस सेंटिमीटर, चौकोनाचं २२५. म्हणजे बरोबर ३० चौकोन. चौकोन २२ ग्रॅम भरला तर ६६० ग्रॅम झाले. त्यावर दहा टक्के जास्तीचे आणि काठासाठी ५० ग्रॅम धरले की पावणेआठशेच्या पुढे जातं, म्हणून ८०० ग्रॅम आणा. सहाशेमध्ये हे ब्लँकेट वरच्या टोकाशी अडकलं असतं.

लेबलवर रंगाच्या क्रमांकाशेजारी घाणीचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, लॉट नंबर असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे हवेत. दुकानातल्या दिव्याखाली दोन लॉट सारखे दिसतात, घरी उन्हात ब्लँकेटवर पट्टा उठतो. नमुन्यासाठी एक गुंडा नेताना बाकीचे बाजूला ठेवायला दुकानदारांना सांगून ठेवा. लॉट वेगळे मिळालेच, तर संपूर्ण ब्लँकेटभर दोन ओळी एका लॉटच्या आणि दोन ओळी दुसऱ्याच्या असं विणत जा. फरक विरून जातो.

प्रश्न : साखळी येते, अर्धा खांब येतो, पण सुरुवात किती साखळ्यांनी करायची आणि ओळ कशी उलटायची, इथे गोंधळ होतो.

आधी त्याच नमुन्याचा चौकोन धुऊन वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये खांब आणि ओळी मोजा. कडेचे खांब मोजू नका, ते ताणलेले असतात. ८ मिलिमीटरच्या सुईवर साधारण १० खांब आणि ७ ओळी बसतात. तुमचे ११ खांब भरत असतील तर हात घट्ट आहे, ९ मिलिमीटरची सुई घ्या. ९ भरत असतील तर ७ ची. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणायचा प्रयत्न करू नका. दहा ओळींनंतर हात आपल्या सवयीवर येतोच, म्हणून सुई बदलावी.

१० सेंटिमीटरला १० खांब धरले तर ७५ सेंटिमीटरला ७५ खांब. सरकती गाठ घालून ७६ साखळ्या विणा. सुईवरचा वेढा मोजायचा नाही. आता सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या, सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सुई घाला, धागा ओढून आणा. सुईवर तीन वेढे दिसतील. पुन्हा धागा घेऊन तिन्ही वेढ्यांतून एकदम काढा. हा पहिला अर्धा खांब. पुढच्या प्रत्येक साखळीत एकेक करत गेलात की ७५ होतात.

ओळ संपली की १ साखळी घाला आणि काम उलटा. ही साखळी फक्त उंचीसाठी आहे, ती खांब म्हणून मोजायची नाही. म्हणून नव्या ओळीचा पहिला खांब साखळीच्या अगदी बुडाशी असलेल्या पहिल्याच टाक्यात जातो. खांबाच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन धागे दिसतात. सुई दोन्हींच्या खालून घाला. एकाच धाग्यातून घातली तर पन्हाळी पडतात आणि वीण लांबीत ओघळते. अशा ६३ ओळी झाल्या की ९० सेंटिमीटर भरतं.

प्रश्न : ७५ खांबांनी सुरुवात केली, विसाव्या ओळीला मोजले तर ६४. ब्लँकेट वर निमुळतं होत चाललंय. शिवाय खालची कड आत ओढल्यासारखी दिसते. पुढच्या ओळीत ११ खांब वाढवले तर चालेल का?

नाही. अकरा खांब एकदम वाढवले की कडेला खांदा फुटल्यासारखा फुगवटा येतो आणि काठ विणूनही तो झाकला जात नाही. शेवटचे ७५ पूर्ण होते त्या ओळीपर्यंत उसवा.

खांब दोनच जागी हरवतात. पहिली जागा ओळीच्या सुरुवातीला. पूर्ण खांबाच्या अनेक नमुन्यांत उलटायच्या साखळ्या खांब म्हणून धरतात आणि पहिला टाका सोडतात. ती सवय इथे आली की दर ओळीला एक खांब गेला. दुसरी जागा ओळीच्या शेवटी. खालच्या ओळीचा पहिला खांब उलटायच्या साखळीच्या आड कलंडून बसतो, त्याचा माथा दिसत नाही, आणि ओळ संपली असं वाटतं. वीस ओळींत अकरा गेले, म्हणजे साधारण एकाआड एक ओळीला एक. यावरून तुमचा शेवटचा खांब अधूनमधून सुटतोय असं दिसतं. सुरुवातीचा सुटत असता तर जवळजवळ दर ओळीला एक गेला असता.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीचा पहिला खांब विणला की त्याच्या माथ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा. परतताना त्या तुकड्यापर्यंत पोहोचल्याशिवाय ओळ संपत नाही. सेफ्टी पिन वापरू नका, एखादी बाळाच्या ब्लँकेटमध्ये राहून गेली तर फार वाईट. पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळ मोजा. खांब वाढत असतील तर कारण उलटं : तुम्ही शेवटी उलटायच्या साखळीतही एक खांब घालताय.

खालची कड ओढली जाते ती साखळी घट्ट पडल्यामुळे. साखळीची रुंदी तिच्यावरच्या खांबांइतकी हवी, आणि नवख्या हाताची साखळी नेहमी आवळलेली असते. साखळीपुरती एक नंबर मोठी, म्हणजे ९ मिलिमीटरची सुई घ्या आणि पहिल्या ओळीला ८ वर या. विणून झालेली साखळी नंतर सैल करता येत नाही. नाहीतरी तुम्हाला बरंच उसवायचं आहे. कड स्पष्ट आत ओढलेली असेल तर मुळापासूनच सुरू करा असं आम्ही सांगू.

प्रश्न : एका इंग्रजी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ लिहिलंय. तसं विणलं तर लोकर भराभर संपतेय आणि माप मोठं होतंय.

नमुना ब्रिटिश आहे आणि तुम्ही अमेरिकी खांब विणताय. ब्रिटिश ‘डबल’ म्हणजे अमेरिकी ‘सिंगल’, म्हणजे आपला मुका खांब. आपल्या अर्ध्या खांबाला अमेरिकेत ‘हाफ डबल’ आणि ब्रिटनमध्ये ‘हाफ ट्रेबल’ म्हणतात. ओळखायची खूण : नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आलं असेल तर तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका नसतो.

प्रश्न : गावात जाड लोकर मिळत नाही. स्वेटरची साधी लोकर दुहेरी-तिहेरी करून चालेल का?

चालेल. बहुतेक साध्या लोकरीचे तीन पदर एकत्र घेतले की जाड लोकरीच्या जवळ जातं, पण खात्री नमुन्याच्या चौकोनावर करा : १० सेंटिमीटरला १० खांब आले की जमलं. तीन वेगवेगळे गुंडे तीन वाडग्यांत ठेवा म्हणजे पदर पिळत नाहीत. त्रास एकच, एखादा पदर सुईतून निसटतो आणि मागे धाग्याचा सैल फास राहतो. बाळाचं बोट नेमकं त्यातच जाईल. प्रत्येक ओळीनंतर उलट बाजू पाहा.

प्रश्न : दुकानात मखमलीसारखी लोकर पाहिली, फारच मऊ आहे. तीच घेऊ का?

पहिल्या कामाला नको. तिच्या लवेमुळे टाक्याचा माथा दिसत नाही, बोटांनी चाचपून विणावं लागतं आणि खांब मोजता येत नाहीत. उसवताना लव गळून धागा उघडा पडतो. गुळगुळीत, फिकट, एकरंगी लोकर घ्या. गडद निळ्या-काळ्यात रात्रीच्या दिव्याखाली टाके हरवतात. केसाळ लोकर तर बाळासाठी कधीच नको, तिचे तंतू तोंडात जातात.

प्रश्न : गुंडा संपला की गाठ मारून पुढे जाते. धुतल्यावर दोन गाठी सुटल्या.

अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या लोकरीची, गाठ घसरते, आणि टिकली तरी बाळाच्या कातडीला टोचते. नवा गुंडा ओळीच्या टोकाला जोडा. शेवटच्या खांबाचे तीन वेढे सुईवर असताना जुना धागा सोडा आणि नव्या धाग्याने ते तीन वेढे काढा. दोन्ही शेपट्या १५ सेंटिमीटर ठेवा. मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने शेपटी खांबांच्या पोटातून ५ सेंटिमीटर पुढे न्या, एक धागा सोडून मागे आणा आणि पुन्हा पुढे न्या. अशी तीनदा फिरली की ती सुटत नाही.

उरलेली लोकर ओळीला पुरेल का, हे काट्यावर कळतं. पाच ओळींच्या आधी आणि नंतर गुंडा तोला, फरकाला पाचाने भागा. तेवढीही उरली नसेल तर ओळ सुरू करू नका.

प्रश्न : काठ विणला तर तो झालरीसारखा लाटा मारतो.

बाजूच्या कडेवर टाके जास्त झालेत. ७ मिलिमीटरच्या सुईने मुक्या खांबाची एक फेरी घाला : वर-खाली प्रत्येक खांबावर एक, बाजूंना दर दोन ओळींमागे तीन, कोपऱ्यात एकाच जागी तीन. कड आवळली तर टाके कमी पडलेत. गोंडे, मणी, बटणं लावू नका.

प्रश्न : अ‍ॅक्रिलिकचं ब्लँकेट नीट दिसावं म्हणून इस्त्री केली, तर ते लिबलिबीत झालं. पूर्ववत होईल का?

होणार नाही. उष्णतेने अ‍ॅक्रिलिकच्या तंतूंचा फुगीरपणा जातो तो कायमचा. पुढच्या वेळी ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून हातांनी चौकोनी करा. ओलं ब्लँकेट दोरीवर टाकलं की स्वतःच्या वजनाने लांबतं. खरी, मेंढीची लोकर मशीनमध्ये आटून नमद्यासारखी होते. मशीनमध्ये चालते असं लेबलवर असेल तरच घाला. सुती धाग्याचं ब्लँकेट धुवायला सोपं, पण जड होतं आणि कोकणच्या पावसाळ्यात वाळता वाळत नाही.

प्रश्न : बारशाला देणार आहे. पाळण्यात बाळाला हे पांघरलं तर चालेल ना?

झोपलेल्या बाळावर नको. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था पहिल्या वर्षात झोपायच्या जागी सुटं पांघरूण आणि मऊ वस्तू ठेवू नयेत असं सांगते, कारण ते नाकातोंडावर सरकलं तर श्वास कोंडतो. जाड ब्लँकेटने बाळाला उष्माही होतो. आपल्या हवेत हे विशेष ध्यानात ठेवायला हवं. झोळीत तर ते अजिबात घालू नका. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना, जमिनीवर पोटावर खेळवायला, मांडीवर घेताना किंवा थंडीत बाबागाडीत पायांवर टाकायला ते उत्तम. भेट देताना हे बाळाच्या आईला तोंडी सांगा, आणि लोकरीचं लेबल चिठ्ठीला टाचून सोबत द्या, धुवायचं कसं ते त्यावर असतं.