बारावीचे वर्ष आणि लांब पल्ल्याचे धावणे

प्रश्न : माझी मुलगी दहिवडीजवळच्या आमच्या गावातून बारावीला जाते. शालेय स्पर्धेत ३००० मीटर धावून ती यंदा कोल्हापूर विभागापर्यंत पोहोचली. तिची वेळ ११ मिनिटे १० सेकंद असून पहिली फेरी ७८ सेकंदांची होती. पुढे महाविद्यालयाकडून खेळून विद्यापीठाच्या संघात जावे, अशी तिची इच्छा आहे. शाळेचे सर तिला रोज दहा किलोमीटर जोरात पळवतात आणि महिनाभर तिची नडगी दुखते आहे. नातेवाईक म्हणतात, हे वर्ष धावणे बंद ठेवा. काय करावे? महाविद्यालय कोणते निवडावे?
– एक पालक, ता. माण

उत्तर : पहिल्या फेरीची वेळ कळवलीत, हे बरे केलेत. ३००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या साडेसात फेऱ्या. पहिली ७८ सेकंदांत गेल्यावर उरलेल्या साडेसहा फेऱ्या सरासरी ९१ सेकंदांनी पडल्या आहेत. पहिल्या फेरीत उधळलेला दम नंतर परत मिळत नाही. घड्याळ लावून ८८-८९ सेकंदांच्या फेऱ्या काढण्याची सवय लागली, तर आहे त्या ताकदीवरही तिची वेळ सुधारू शकेल.

आता नडगीविषयी. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे ताबडतोब थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाला बारीक तडा गेला असला, तरी सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, हे ध्यानात असू द्या. दुखणे नडगीच्या लांबीभर पसरलेले असेल, तर बहुधा ते रोजच्या जोराच्या धावण्याचे फळ आहे. सरांची तळमळ खरी असली, तरी रोज जोरात पळवण्याची पद्धत मला मान्य नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूचे बहुतेक धावणे शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश गतीचे असावे. आठवड्यात दोन दिवस कष्टाचे आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा पुरतो. सोबत रक्तातील हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा घटक) तपासून घ्यावे. या वयाच्या धावणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी पडणे फार आढळते; मात्र तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत आणि जेवणाला लागून चहा देऊ नये. पाळी तीन महिने आली नाही, तर ‘सरावामुळे होते’ म्हणून सोडून न देता तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

बारावीसाठी धावणे बंद करण्याची गरज नाही. दुखणे थांबल्यावर सकाळची तीस-चाळीस मिनिटे सावकाश धावण्याने अभ्यास बुडत नाही आणि जूनमध्ये शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तुमच्याच तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहाव्या आल्या, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, आणि त्याआधी त्यांची ओळख मॅरेथॉनची होती. सतराव्या वर्षी घाई करण्यासारखे काहीच नाही.

महाविद्यालय निवडताना भिंतीवरच्या ढालींपेक्षा मैदान पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी सहाला तिथे जाऊन उभे राहा : लांब पल्ल्याच्या मुली सरावाला येतात का, त्यांच्यासाठी हाती घड्याळ घेऊन उभे राहणारे कोणी आहे का, वसतिगृहात सकाळी लवकर बाहेर पडू देतात का, हे तासाभरात कळते. एकटीने ५००० मीटरचा सराव वर्षभर टिकवणे फार अवघड आहे, म्हणून सोबत धावणाऱ्या चार मुली मला स्पाइकच्या (खिळ्यांच्या बुटांच्या) महागड्या जोडापेक्षा मोलाच्या वाटतात.

आणखी एक गोष्ट प्रवेशापूर्वी विचारून घ्या. सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिथे महाविद्यालयांच्या आपसांतील स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. साताऱ्यातील काही जुनी महाविद्यालये मात्र २०२१मध्ये स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेली आहेत. म्हणजे तुमची मुलगी कोणत्या विद्यापीठाच्या संघासाठी झगडणार, हे महाविद्यालयावर ठरेल. क्रीडा विभागाच्या प्राध्यापकांना भेटताना विभागीय स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र दाखवावे, पण तिथे ठेवून मात्र छायाप्रतच यावी.