डाळमिल टाकावी का? आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे 400 सभासद आहेत. सगळे म्हणतात, डाळमिल टाकू. टाकावी का? (लातूर)

घाई करू नका. लातुरात डाळमिलचा धंदा मुरलेला आहे. तिथल्या जुन्या मिलवाल्यापेक्षा तुम्ही कशात सरस ठराल, ते आधी सांगा. अनुदान मिळतंय म्हणून मिल टाकली, तर अनुदान संपल्यावर ती चालवायची कशी?

मी अशाच एका कंपनीच्या गोदामात दिवसभर बसलो होतो. एकानं सोयाबीनची पोती उतरवली, मूठभर दाणे ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरमध्ये टाकले. आकडा आला 17 टक्के. आडतीवर हाच माल भाव पाडून मागितला होता. हमीभाव केंद्राची ओलाव्याची मर्यादा एरवी 12 टक्के. 2024च्या हंगामात ती 15 केली, तरी हा बाहेरच. दोन दिवस ताडपत्रीवर ऊन दिलं आणि तोच माल 12च्या आत आला. तुमच्या सभासदांचा पैसा असाच शेत आणि आडतीच्या मधे गळत असेल, तर मिल टाकून ती गळती थांबत नाही.

म्हणून तीन वाटा मांडा : वाळवून-चाळून एकत्र विक्री, बाजार समितीची शेतमाल तारण योजना (माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज) किंवा घरचं बियाणं. प्रत्येक वाट 20-20 सभासदांवर एक हंगाम चालवा. काय झालं तर कुठली सोडून द्यायची, हेही पेरणीआधीच लिहून ठेवा. नाहीतर जीव अडकतो आणि फसलेली वाटही सुटत नाही. हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

प्रश्न : कारखान्याची वार्षिक बैठक 'यंदा 20 टक्के वाढ' एवढं ठरवून संपते. चुकतंय कुठं? (जालना)

ही झाली इच्छा. गाडी कुठं अडलीय, ते बैठकीत कुणी बोललंच नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाला जाऊन या. तिथं अडचण पाण्याची होती. आधी पाणलोटाची कामं झाली, मग शेततळी आली आणि त्या पाण्याच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मागच्या कामानं पुढचं काम शक्य केलं. तुमच्या कारखान्यातलं असं पहिलं काम कोणतं, ते मशीनवरच्या माणसाला विचारा. त्याला बहुधा ठाऊक असतं.

प्रश्न : आमच्या बचत गटाचा मसाल्याचा धंदा आहे. पुढची दिशा ठरवायला सल्लागार आणावा का? (बीड)

आत्ताच नको, ताई. गेल्या वर्षी घेऊन यंदा न घेतलेली पाच गिऱ्हाइकं शोधा, त्यांच्या घरी जा, स्वयंपाकघरात कुणाचा मसाला आहे ते बघा. त्यानंतरही कोडं सुटलं नाही, तर मला लिहा.