"आतड्याला भोकं पडलीयत" म्हणून प्रोबायोटिक चालू केलंत?

"ताई, माझं आतडं लीक होतंय, प्रोबायोटिक किती महिने घेऊ?" हे मला हल्ली सारखं विचारतात. मागे डोंबिवलीहून एक मुलगी आली, अकाउंट्सची नोकरी, पोट कायम फुगलेलं, व्हिडिओ बघून गहू बंद केलेला आणि प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या म्हणून घेतात त्या जिवंत जंतूंच्या, महागड्या कॅप्सूल चालू. खरंच घाबरलेली होती बिचारी.

तिला म्हटलं, अगं भोकं वगैरे नसतात. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, वरून म्युकसचा बुळबुळीत थर, आणि ३ ते ५ दिवसांत बहुतेक पेशी नव्या येतात. पेशींमधले हे सांधे सैल होतात हे खरंय, सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार), क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज राहते तो आजार) यांत दिसतं, पण नुसतं पोट फुगलं म्हणून तसं म्हणता येत नाही.

मग गोळ्यांचं विचारलं तर म्हणे काहीच नाही, आणि बऱ्याच वेळाने निघालं की डोकं दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन, तेही आठवड्यात चार-पाचदा, लोकल पकडायच्या घाईत उपाशीपोटी! या पेनकिलर अस्तराला थेट त्रास देतात, आणि हे कुणी आपणहून सांगतच नाही, त्यांना ते औषध वाटतच नाही. आधी डोकेदुखीसाठी डॉक्टरकडे पाठवलं. गहूही परत चालू करायला लावला कारण गहू बंद असताना सिलिअ‍ॅकची ब्लड टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते.

कॅप्सूलचं म्हणाल तर अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी (पोट दुखणं, फुगणं, शौचाच्या तक्रारी सारख्या होणं), संशोधन सोडून, त्या घेऊ नका असंच सांगितलंय. अँटिबायोटिक चालू असताना काही ठरावीक स्ट्रेन्सचा (जंतूंच्या उपप्रकारांचा) उपयोग होतो, तो वेगळा विषय. त्यापेक्षा पोटातल्या जंतूंना खायला घाला ना, मटकी, ज्वारीची भाकरी, भाज्या यातल्या फायबरपासून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. फक्त हळूहळू वाढवा, एकदम मोड आलेली कडधान्यं खाल्लीत तर पोट अजून फुगेल. आणि शौचातून रक्त, वजन उतरणं, रात्री जुलाबाने जाग येणं यातलं काही असेल तर माझ्याकडे नको, सरळ डॉक्टरकडे.

निघताना ती म्हणाली, उरलेल्या कॅप्सूल आईला देते, तिची केमो चालूय, ताकद येईल. मी तिथेच थांबवलं. त्यात जिवंत जंतू असतात, प्रतिकारशक्ती खूप खाली असेल तर क्वचित ते रक्तात शिरू शकतात, ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही द्यायची नाही.