मल्याळम चित्रपट नव्याने पाहणाऱ्यांसाठी

मल्याळम चित्रपट पाहायला सुरुवात करत असाल, तर हिंदी डबिंग टाळून ते मूळ आवाजात, उपशीर्षकांसह पाहावेत. या चित्रपटांची ओळख असलेल्या वास्तववादाचा मोठा भाग बोलीत असतो; केरळातल्या इडुक्कीचा माणूस त्रिशूरच्या माणसासारखा बोलत नाही, हे अर्थ न कळताही हळूहळू कानाला जाणवू लागते.

पहिला चित्रपट म्हणून मी 'द ग्रेट इंडियन किचन' (2021) सुचवेन. स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप गळत राहतो, नवरा प्लंबरला बोलावणे रोज विसरतो, आणि जेवून उठलेल्या पुरुषांनी टेबलावर टाकलेला चोथा सून मुकाट्याने उचलते. एकही भाषण न करता ही तपशिलांची पुनरावृत्तीच सारे काही सांगते, त्यामुळे 'काहीच घडत नाही' म्हणून कृपया फास्ट-फॉरवर्ड करत पाहू नका. मोठ्या प्लॅटफॉर्मांनी नाकारल्यावर तो नीस्ट्रीम या छोट्या मल्याळम सेवेवर आला आणि चर्चेच्या बळावर केरळबाहेर पोचला.

मात्र हा वास्तववाद स्ट्रीमिंगने जन्माला घातला, असे समजू नये. दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांचा 'एलिप्पतायम' हा असाच वास्तववादी चित्रपट 1981 सालचा आहे. बदलला तो प्रेक्षक: पूर्वी फिल्म सोसायटीच्या खेळांची वाट पाहावी लागे, आज पुण्यातला प्रेक्षकही असा चित्रपट घरबसल्या पाहतो. तरीही ओटीटीवरच्या निवडीवरून संपूर्ण मल्याळम चित्रसृष्टीबद्दल मत बनवू नये. या चित्रसृष्टीत नायकप्रधान मसालापटही भरपूर निघतात आणि गर्दीही खेचतात.