गावात राहून लोकांना प्रेरणा देणारा नेता व्हायचं असेल तर कोणते गुण अंगी आणावे लागतात?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय त्याचा मला कळलेला अर्थ असा. वय 24, गावच्या युवक मंडळाचे अध्यक्ष नुकतेच झालात. माइक हातात आला की घसा कोरडा पडतो, पोट्टे ऐकत नाहीत. नागपूरला व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावावा की हे सगळं जन्मजातच असावं लागतं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

वर्ग लावायचा तर लावा. घसा कोरडा पडणं सवयीनं जातं. पण माझी गोष्ट तुमच्या उलटी आहे. माझं लोक ऐकत होते, आणि घोळ तिथंच झाला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला कास्तकार, म्हणजे शेतकरी. सात एकर वावर, त्यात चार एकर पऱ्हाटी (कापूस), बाकी तूर-सोयाबीन. आमचा 19 जणांचा गट आहे. गट म्हणजे फार काही नाही. बियाणं-खत एकत्र आणायचं, कापूस एका गाडीत भरून हिंगणघाटला न्यायचा, भाडं वाटून घ्यायचं. मी अध्यक्ष, कारण मला बोलता येतं. गावात सामुदायिक प्रार्थना संपली की दोन शब्द बोलायचं काम विशीपासून माझ्याकडे होतं. चार टाळ्या पडल्या की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला कळतंसुद्धा.

2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, आठवत असेल. तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. पुढच्या हंगामात, जानेवारी 2023 ला, आमच्याकडे 8,200 चा भाव सुरू होता. लांब धाग्याचा हमीभाव 6,380, म्हणजे भाव वाईट नव्हता. खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारे व्यापारी, दारात येत होते. मी बैठक बोलावली आणि सांगितलं, थांबायचं. दहा हजार झाल्याशिवाय एक बोंड बाहेर जाणार नाही. चांगलं वीस मिनिटं बोललो. आपण घाई करतो म्हणून व्यापारी मोठा होतो, वगैरे. तुम्ही असतात तर तुम्हीही टाळी वाजवली असती.

एक काकू मागं बसल्या होत्या. दोन एकराच्या धनी, नवरा वारलेला, घरात त्या आणि मुलगी. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरी कोठी हाये. मायं आन कापसाचं झोपणं एकाच खोलीत हाये. मले इकू द्या." मी हसून म्हटलं, काकू, महिनाभर कळ काढा, पोरीच्या लग्नाचे पैसे निघतील. सगळे हसले. काकू गप्प बसल्या.

पुढं काय झालं ते अख्ख्या विदर्भाला माहीत आहे. त्या वर्षी घरोघर कापूस पडून राहिला आणि भाव चढायच्या ऐवजी उतरत गेला. मार्च-एप्रिलच्या उन्हात घरात ठेवलेल्या कापसानं लोकांच्या अंगाला खाज सुटली, पोरं रात्रभर खाजवत बसायची. काकूंच्या मुलीच्या हातापायावर पुरळ उठलं. शेवटी मे महिन्यात, पेरणीला पैसा हवा म्हणून, 7,100 नं गाडी भरली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आत्मविश्वास, वक्तृत्व, दूरदृष्टी, धाडस असे चार गुण तुम्ही लिहिलेत. त्या जानेवारीत हे चारही माझ्याकडे होते असं गावानं सांगितलं असतं. नव्हतं ते एकच: कोणी "नाही" म्हटलं तर ते आत जाऊ देण्याची सवय. मला विचाराल तर शिकण्यासारखा पहिला गुण तोच, आणि तो वर्गात मिळत नाही, कारण वर्गात तुमच्या बोलण्यानं कोणाचा कापूस अडकत नाही.

गाडी गेल्यावर पंधरा दिवस मी पारावर गेलो नाही. बायको म्हणाली, "तोंड लपवून काय होते? हिशोब तर द्या." मग रजिस्टर काढलं. प्रत्येकाचे क्विंटल, जानेवारीचा भाव, मेचा भाव आणि फरक, असं एका ओळीत लिहिलं. बैठकीत एकेकाचं नाव घेऊन वाचलं. काकूंचे नऊ क्विंटल, क्विंटलमागे 1,100, फरक 9,900. माझ्या स्वतःच्या 26 क्विंटलचे 28,600 सुद्धा वाचले. ते वाचताना आवाज जरा मोठा निघाला, माझंही नुकसान झालं हे दाखवायला. काकूंनी ते बरोबर पकडलं. म्हणाल्या, "तुमचं गेलं ते तुमच्या मनानं गेलं. मायं तुमच्या मनानं गेलं."

मी विचारलं, मग मी काय करू. राजीनामा देतो म्हटलं. (हा आपल्याकडचा आवडता पळ काढायचा मार्ग. राजीनामा दिला की हिशोब द्यावा लागत नाही, वरून लोक समजूत घालायला येतात.) काकू म्हणाल्या, "राजीनामा कायले पायजे? पुढच्या टायमाले मले आधी बोलू द्या, तुमी मंग बोला."

तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे. ज्याचं वावर सगळ्यात लहान, तो आधी बोलतो. मग चढत्या क्रमानं. अध्यक्ष शेवटी, आणि त्याला पाच मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. पहिल्या दोन बैठकांत माझी जीभ दातांखाली दाबून ठेवावी लागली. समोरचा चुकीचं बोलतोय, मला बरोबर माहीत आहे, आणि अजून अकरा जण बाकी आहेत. पण सातव्या-आठव्या माणसापर्यंत आलं की आपलं मत बदललेलं असतं. निदान माझं असतं. मोठा माणूस आधी बोलला की लहान त्याचीच री ओढतो, हे मी तीस वर्षं पाहत होतो, फक्त मोठा माणूस मी आहे हे दिसत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आम्ही चौघं गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जाऊन आलो. गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या गावाचं नाव निघालं की तिथल्या नेत्याचं, देवाजी तोफांचं, नाव निघतं, पण गावाची रीत अशी की निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचं जरी अडलं तरी विषय पुढच्या सभेवर जातो. शिवाय ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतो, विषय समजून घ्यायला. तिथं नुसती चर्चा, निर्णय नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. आपल्याकडे माणूस बैठकीतच पहिल्यांदा विषय ऐकतो आणि तिथंच हात वर करतो. तुमच्या मंडळात हे सहज करता येईल. कबड्डीचे सामने घ्यायचे की अभ्यासिकेला टेबलं घ्यायची, हे ठरवायच्या आठवडाभर आधी नुसतं बोलायला बसा.

बसायचं कुठं, हेही बघा. आमची बैठक पूर्वी मारोतीच्या पारावर, संध्याकाळी पाचला व्हायची. बाया पाचला निंदणावरून परत येत असतात, डोक्यावर गवताचा भारा, घरी चूल वाट बघते. बौद्धपुऱ्यातली मंडळी पाराच्या कडेला उभी राहायची, कधी बसली नाहीत, आणि आम्ही समजायचो की त्यांना रस नाही. आता रात्री आठला शाळेच्या व्हरांड्यात बसतो, सगळे खाली सतरंजीवर. नुसती जागा आणि वेळ बदलली तर माणसं दुप्पट झाली. पोट्टे ऐकत नाहीत असं तुम्ही म्हणता, तर आधी मोजा: कोण येतच नाही, आणि तो त्या वेळेला कुठं असतो.

गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. देव कुठं असतो, कर्ज काढून सण का करता, अशा धर्तीचे. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. आपण त्यातला खराटा उचलला, फोटोपुरता. प्रश्न विचारायची रीत मात्र राहून गेली. तुमचा घसा कोरडा पडतो ना? मग भाषण करूच नका. दोन प्रश्न लिहून न्या आणि विचारून खाली बसा.

धाडस जन्मजात असतं का, असं तुम्ही विचारलंय. बाबा आमट्यांचं उदाहरण घ्या. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी डोक्यावर मैला वाहिला. स्वतःला निर्भय समजणारा माणूस. तोच माणूस पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी बघून घाबरून पळाला. ती भीती त्यांना सुखानं झोपू देईना, म्हणून ते परत गेले, त्याची सेवा केली, आणि पुढं कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं राहिलं. म्हणजे ज्याची भीती वाटते तिथं परत जाता येतं. आपल्याला आनंदवन उभारायचं नाही. आपली भीती लहान असते: वर्गणी बुडवणाऱ्या मित्राला विचारायची, सरपंचाला नाही म्हणायची, हिशोब वाचायची. त्यातली एक निवडा आणि या महिन्यात करून टाका. पुढच्या महिन्यात दुसरी.

हिशोबावरून एक सांगतो, कारण युवक मंडळं इथंच फुटतात. देवीची वर्गणी, मंडपवाल्याचं बिल, डीजेचा इसार, हे सगळं विसर्जनाच्या तिसऱ्या दिवशी कागदावर लिहून शाळेच्या फळ्याजवळ चिकटवा. ग्रुपवर टाकून भागत नाही, म्हाताऱ्यांकडे फोन नसतो. 340 रुपये जुळत नसतील तर "340 जुळत नाहीत" असंच लिहा. पहिल्या वर्षी चार जण शिव्या देतील. दुसऱ्या वर्षी न मागता वर्गणी येते. आमच्या गटाचं रजिस्टर आता किराणा दुकानात ठेवलेलं असतं, कोणीही उघडून बघावं. फार कोणी बघत नाही. पण बघता येतं.

बाकी वेळ पाळणं, व्यसन नको, गोड बोलणं, हे तुम्हाला घरी सांगितलंच असेल.

नियम केला म्हणून निर्णय बरोबरच येतात असं समजू नका. 2023-24 च्या हंगामात काकू पहिल्या बोलल्या, "तिसरा हिस्सा ठेवा, बाकी इकून टाका." सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. विकला, आणि पुढं भाव चढला. बैठकीत एका पोरानं रजिस्टर उघडून काकूंनाच विचारलं, आता या फरकाचं काय. काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "लिव न, माया नावासमोर लिव." त्यानं लिहिलं. मग पुढचा विषय निघाला, भाड्याचा.