फिगर सदोष निघाली? आधी हे कर

नव्या फिगरच्या (गेम-कार्टूनमधल्या पात्राच्या संग्राह्य मूर्तीच्या) डोळ्याचा रंग किंचित सरकला असेल, तरी बदली मागायला जागा आहे. घाबरू नकोस, पण हात लावायची घाईही नको. नवखे नेमके इथेच चुकतात: खोका फाडून फेकतात, वर सुटा भाग फेविक्विकने चिकटवतात. एकदा गोंद लागला की दोष कारखान्यातला की तुझा, हे कंपनीला कळणार कसं?

- पार्सल उघडतानाच सलग व्हिडिओ घे, लेबलापासून.
- दिवसाच्या उजेडात तीन फोटो: पूर्ण फिगर, दोष जवळून, तळाचा छाप.
- कंपनीला पत्र चार ओळींचं. ऑर्डर क्रमांक, तारीख, दोष, आणि काय हवं: सुटा भाग की अख्खी फिगर. हात वाकडा असेल तर हातच माग, ते लवकर मंजूर होतं.
- खोका आणि आतला प्लॅस्टिक साचा उत्तर येईपर्यंत ठेव.

बदली परदेशातून फुकट आली तरी सीमाशुल्क लागू शकतं, हे आधीच धरून चाल.

आणि रत्नागिरी-मालवणच्या हवेत एक वेगळी गोची. बंद खोक्यात, उकाड्यात पीव्हीसी प्लॅस्टिकातला मऊ करणारा द्रव वर येतो, फिगर चिकट होते. तो कारखान्याचा दोष नव्हे, त्यावर दावा करू नकोस. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग सावलीत वाळव. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या ठेव.

अगदीच विचित्र दोष असेल तर मात्र बदली मागण्याआधी थांब. 2014 मध्ये दोन्ही हातांना तोफ असलेली सामसची (‘मेट्रॉइड’ गेमची नायिका) अमीबो, म्हणजे निन्टेन्डो कंपनीची छोटी फिगर, निघाली, तिला लिलावात मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आला!